सुट्टीच्या मुक्कामाजवळ अंधारं आकाश कसं शोधायचं?

कृत्तिका_सहा

नमस्कार मंडळी,

सुट्टीचं ठिकाण ठरलंय, मुक्काम ठरलाय, तारखा आता हलणार नाहीत. म्हणजे अंधाऱ्या आकाशासाठी सुट्टी आखायची नाही, आखलेल्या सुट्टीत अंधारं आकाश शोधायचंय. गाडी हाताशी असेल, एका बाजूला तासभर जायची तयारी आहे. सोबत दोन मुलं आणि एक १०×५० द्विनेत्री दुर्बीण.

प्रकाश प्रदूषणाच्या नकाशावर मुक्काम केशरी, म्हणजे बऱ्यापैकी उजळ पट्ट्यात येतो. दक्षिणेला ३५ किमीवर त्याहून अंधारा हिरवा पट्टा, त्यापुढे आणखी अंधारा निळा डाग. प्रश्न असे:

१. निळ्या डागात जाऊन उभं राहिलं की झालं, की आणखी काही बघावं लागतं?
२. बॉर्टल (आकाशाच्या अंधाराची १ ते ९ पट्टी, १ म्हणजे सर्वात अंधारं) किती असेल तर एवढी धावपळ सार्थकी लागेल?
३. नेमकी जागा, म्हणजे गाडी लावून सतरंजी टाकायची जागा, घरबसल्या कशी ठरवायची?

---

रातवा

चांगला धागा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बहुतेकांची गाडी नकाशापाशीच घसरते.

या नकाशांमध्ये दोन वेगवेगळे थर असतात आणि दोन्हींचे रंग सारखेच दिसतात. एका थरात उपग्रहाला जमिनीवरून वर येणारा जो उजेड दिसतो तो दाखवतात. दुसऱ्यात जमिनीवर उभं राहून वर पाहिलं तर आकाश किती उजळ दिसेल याचं गणित केलेलं असतं. पहिल्या थरात शहराला लागून असलेलं तळं किंवा जंगल काळंकुट्ट दिसतं, कारण तिथे दिवे नाहीत. पण आकाश तिथेही शहराचंच असतं. तुम्हाला दुसरा थर हवा. तो बहुतेक ठिकाणी 'वर्ल्ड अ‍ॅटलस' या नावाने असतो. २०१६ साली फाल्की आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला.

आता त्याच्या मर्यादा. हे आकडे सुओमी एनपीपी उपग्रहाच्या व्हीआयआयआरएस उपकरणावरून आलेत. ते उपकरण साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरमधला उजेड टिपतं, म्हणजे निळा भाग त्याला दिसत नाही. पांढऱ्या एलईडीत तो निळा भागच जास्त असतो आणि हवेत सगळ्यात जास्त विखुरतोही तोच. त्यामुळे जिथे जुने पिवळे सोडियम दिवे काढून एलईडी लावलेत, तिथे नकाशा सुधारणा दाखवतो आणि डोळ्यांना आकाश होतं तसंच किंवा जास्त उजळ दिसतं. दुसरं म्हणजे उपग्रह रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. तोवर बंद होणारे मैदानांचे झोत, दुकानांच्या पाट्या त्यात येतच नाहीत. तुम्ही मात्र नऊ वाजता उभे असणार.

तिसरी गोष्ट वयाची. वर्ल्ड अ‍ॅटलस दहा वर्षांहून जुन्या मोजणीवर उभा आहे. २०२३ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदींवरून आकाश २०११ ते २०२२ या काळात सरासरी दरवर्षी ९.६ टक्क्यांनी उजळत गेल्याचं दिसलं. म्हणून नकाशातल्या रंगाला एक पायरी वजा करून धरा. हिरवा दिसला तर पिवळा समजून आखणी करा.

---

वाटसरू

वाचनखूण साठवली. एकच पुरवणी: रंगापेक्षा दिशा बघा. नकाशातला आकडा डोक्यावरच्या आकाशाचा असतो, आणि आकाशगंगेचा गाभा उत्तर गोलार्धातल्या बहुतेकांना दक्षिणेला खाली दिसतो. गाभ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) −२९°. ५०° उत्तरेवर तो फार तर ११° वर येतो, २०° उत्तरेवर ४१°. शहर तुमच्या दक्षिणेला असेल तर त्याचा प्रकाशघुमट, म्हणजे शहरावर दिसणारा उजेडाचा गोलाकार पसारा, नेमका त्यावर बसतो. मग डोक्यावर बॉर्टल ३ असून उपयोग नाही.

म्हणून शहर पाठीशी घ्या. कृत्तिकाताई, तुमचा निळा डाग दक्षिणेलाच आहे, हे उत्तम झालं. दक्षिण गोलार्धात जाणाऱ्यांना ही काळजी कमी, तिथे गाभा डोक्यावरून जातो.

---

गणिती_गोटा

दिशेबरोबर अंतराचाही हिशोब मांडतो. वॉकरचा नियम म्हणून एक ढोबळ सूत्र आहे: शहराच्या दिशेचं आकाश किती उजळ, हे लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतं आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने उतरतं. म्हणजे,

अंतर दुप्पट → त्या शहराचा उजेड साडेपाच पटींहून कमी.
अंतर तिप्पट → पंधरा पटींहून कमी.
शहर दहापट मोठं → तेवढाच अंधार मिळायला अडीचपट लांब जावं लागतं.

धागाकर्तीच्या उदाहरणात ३५ ऐवजी ५० किमी गेलं तर त्या शहराचा वाटा जवळजवळ अडीचपट उतरतो, म्हणजे जवळपास एक पूर्ण प्रत (प्रत म्हणजे तेजस्वितेची पायरी, आकडा मोठा तितका तारा अंधुक). हे १५ किमी फुकट जात नाहीत. पण ७० वरून ८५ ला जाण्यात तेवढी मजा नाही, तिथे फरक दीडपटीच्या आसपास राहतो. सुरुवातीचे किलोमीटर सर्वात किफायती.

---

मीनाक्षी_न

+१ दोघांनाही.

---

दुर्बिणवाला

दुसरा प्रश्न, बॉर्टलचा. जॉन बॉर्टल यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये ही १ ते ९ ची मोजपट्टी मांडली ती डोळ्यांनी काय दिसतं यावरून. नकाशे आता तिला आकडा म्हणून छापतात, पण मूळ वर्णन वाचलं तर कळतं की ती निरीक्षणाची पट्टी आहे. पायरी-पायरीत काय मिळतं ते असं:

बॉर्टल ५ ला आकाशगंगा डोक्यावर फिकट पट्ट्यासारखी, क्षितिजाकडे गायब. ४ ला पट्टा स्पष्ट, पण शहरांच्या दिशांना घुमट दिसतात. ३ ला पट्ट्याच्या आतल्या काळ्या चिरा दिसायला लागतात आणि राशिचक्रीय प्रकाश (सूर्याच्या वाटेवरच्या धुळीमुळे दिसणारी फिकट उजेडाची पट्टी) ठळक दिसतो. २ आणि १ ला त्रिकोण तारकासमूहातली एम-३३ दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी, आणि हवेतले ढग आकाशात भोकं पडल्यासारखे काळे.

माझं मत: ५ वरून ३ ला गेलात तर फरक थक्क करणारा असतो. ३ वरून २ ला जाण्यासाठी आणखी दोन तास गाडी हाकणं मुलांसोबत करू नये.

---

वाटसरू

@दुर्बिणवाला, अर्धाच सहमत. बॉर्टल ३ च्या दमट, धुरकट रात्रीपेक्षा बॉर्टल ४ ची पावसाने धुतलेली कोरडी रात्र केव्हाही सरस. हवेतले कण आणि बाष्प दुहेरी नुकसान करतात: ताऱ्यांचा उजेड गिळतात आणि शहराचा उजेड तुमच्याकडे परत फेकतात. त्यामुळे एकच जागा पक्की करून बसण्यापेक्षा वेगवेगळ्या दिशांना दोन जागा हेरून ठेवा आणि त्या संध्याकाळी हवा बघून ठरवा.

---

दुर्बिणवाला

हे मान्य. दोन जागा, एक उंचावर आणि एक सपाटीला. दरीत धुकं असेल तर वरची, डोंगरावर ढग अडकले असतील तर खालची.

---

हवामान_हौशी

ढगांचं मी सांगते. हवामानाच्या अ‍ॅपवरचं सूर्याचं किंवा चंद्राचं चित्र बघून निघू नका. खालचे, मधले आणि वरचे ढग वेगळे दाखवणारा अंदाज उघडा. विंडी, मीटिओब्लू, क्लियर आउटसाइड या तिन्हींत तो आहे. साधा अंदाज वरच्या पातळ ढगांना 'निरभ्र' म्हणून मोकळा होतो, कारण दिवसा त्यातून ऊन येतं. रात्री तोच पातळ पदर आकाशगंगा पुसून टाकतो.

मग दवबिंदू बघा. तापमान आणि दवबिंदू यांत २ अंशांपेक्षा कमी फरक राहणार असेल तर तळाच्या जागी धुकं आणि भिंगांवर दव, दोन्ही गृहीत धरा. निरभ्र रात्री जमीन उष्णता वर सोडते, म्हणून गवताजवळचं तापमान अंदाजापेक्षा काही अंश खाली जातं. झोपून बघणाऱ्यांनी पांघरूण अंगावर घ्यायच्या आधी अंगाखाली काय घालायचं ते ठरवावं. गारठा खालून येतो.

'सीइंग' नावाचा आकडा अंदाजात दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. तो हवेच्या थरथरीचा असतो, मोठ्या दुर्बिणीतून ग्रह बघणाऱ्यांसाठी. नुसत्या डोळ्यांना पारदर्शकता हवी. दिवसा मावळतीला आकाश क्षितिजापर्यंत निळं राहिलं तर रात्र चांगली. क्षितिजावर दुधी पट्टा असेल तर खालचे २० अंश गेले म्हणून समजा.

---

चांदणचुरा

सगळे नकाशात आणि ढगांत गुंतलेत, पण सुट्टीतली रात्र बहुतेक वेळा दोनशे मीटरवरच्या एका दिव्यामुळे वाया जाते. आकाश बॉर्टल २ चं आणि मुक्कामाच्या दाराशी रात्रभर झोत. आकाश अंधारंच असतं, पण डोळ्यांना अंधार मिळत नाही. नकाशा याबद्दल काहीच सांगत नाही.

मुक्काम घेताना मालकांना हे चार प्रश्न लिहून विचारा:

– अंगणातले आणि वाटेवरचे दिवे रात्री किती वाजता बंद होतात? पाहुण्याने सांगितलं तर बंद करता येतात का, बटण कुठे आहे?
– माणूस हलला की लागणारे दिवे आहेत का? असले तर कुठल्या बाजूला?
– शेजारच्या इमारतीचे, गोदामाचे, शेतातल्या काचघराचे दिवे दिसतात का?
– इमारतीची कुठली बाजू पूर्ण काळोखात असते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांना पटकन देता येतं, त्यांच्याकडे जा. त्यांनी रात्री बाहेर येऊन पाहिलेलं असतं.

दिवा बंद होणारच नसेल तर त्याला आडोसा शोधा. भिंतीची, गाडीची, झाडाच्या बुंध्याची सावली पुरते. डोळ्याला दिव्याचा तंतू किंवा चमकणारी काच थेट दिसता कामा नये, एवढीच अट. तेही जमत नसेल तर काळं जाड कापड डोक्यावरून घेऊन, कडा गालांशी धरून दुर्बिणीतून बघा. हा उपाय स्वस्त आहे आणि विलक्षण चालतो.

---

मीनाक्षी_न

हे काळ्या कापडाचं मुलांना फार आवडेल. तंबूत बसून तारे!

---

रातवा

@चांदणचुरा, अगदी मुद्द्याचं. यातूनच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. घरबसल्या जागा ठरवायची माझी रीत:

नकाशावर मुक्कामापासून तासाभराच्या परिघातले, शहर पाठीशी येईल असे तीन-चार पट्टे निवडा. मग उपग्रहचित्रात जाऊन रस्ते चाळा. हवं काय? मुख्य रस्त्यापासून किमान ५०० मीटर आत, पक्की किंवा घट्ट खडीची मोकळी जागा, दोन गाड्या वळतील एवढी. दिवसा पर्यटक थांबतात ते कठडे, पायवाटांच्या सुरुवातीची वाहनतळं, धरणाच्या भिंतीपलीकडचे माथे. वीजवाहिनी चालेल, पण खांब वाडीकडे वळत असतील तर तिथे दिवा असणार.

मग रस्त्यावरून दिसणारी छायाचित्रं उघडा आणि खांब मोजा. सावलीवरूनही कळतं: लांब सडसडीत सावली आणि टोकाशी आडवा हात दिसला तर तो दिव्याचा खांब.

वळणावरची जागा असेल तर एक गोष्ट विसरू नका. येणाऱ्या गाडीचा झोत वळणाच्या बाहेरच्या बाजूला फिरतो. थांबायचं ते आतल्या बाजूला आणि रस्त्यापासून थोडं वर किंवा खाली. एका गाडीने डोळ्यांवर झोत मारला की पुढची वीस मिनिटं गेली.

शेवटी क्षितिज. पीकफाइंडर या डोंगर दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो बिंदू टाकला की डोंगररांग किती अंश वर आहे ते दिसतं. दक्षिणेला १५ अंशांची भिंत असेल आणि गाभा ११ अंशांवर येणार असेल तर गाभा मिळणार नाही. पण हीच भिंत उत्तरेला असेल तर आनंदाने घ्या, ती शहराचा घुमट झाकते.

---

वनवासी_८८

या यादीत परवानगी कुठे आहे? उपग्रहचित्रात दिसणाऱ्या अर्ध्या मोकळ्या जागा खाजगी असतात, आणि संरक्षित वनांची, उद्यानांची फाटकं सूर्यास्ताला लागतात. आत गाडी अडकली तर सकाळपर्यंत अडकली. फाटकाच्या वेळा आधी बघा, गाडी फाटकाबाहेर ठेवून आत चालत जायला मुभा आहे का ते विचारा. आणि जागा दिवसाउजेडी एकदा बघून याच. खड्डे, कुंपणाची तार, विहिरीचा कठडा, कड्याची धार रात्री लाल दिव्यात (सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून वापरतात तो) दिसत नाही. पायात पूर्ण बूट, चपला नकोत. समुद्रकिनारा असेल तर भरतीची वेळ.

---

रातवा

बरोबर, हे पहिलंच कलम असायला हवं होतं.

---

खलाशी_वारा

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर: समुद्राकडची बाजू नकाशावर काळी दिसते म्हणून लोक धावतात. समोर शहर नाही हे खरं. पण खालचे दहा-पंधरा अंश खारट ओलाव्याने मळलेले असतात, वाऱ्याबरोबर येणारे तुषार भिंगावर सुकून पदर धरतात (पुसू नका, आधी पाण्याने विरघळवून घ्या, मीठ काच खरवडतं). आणि मासेमारीच्या नावा. काही प्रकारच्या मासेमारीत पाण्यावर प्रचंड झोत लावतात, ते उपग्रहालाही दिसतात. आज काळी असलेली बाजू उद्या शहरासारखी उजळू शकते.

बेटांवर मात्र एक मोठा फायदा मिळतो, उंची. ला पाल्मा बेटावरची वेधशाळा सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि व्यापारी वाऱ्यांचे ढग बहुधा त्याच्या बरेच खाली अडतात. खालच्या गावांचा उजेड त्या ढगांखालीच राहतो. शिवाय तिथे १९८८ पासून आकाशाच्या संरक्षणाचा कायदा आहे.

---

नवखा_निरीक्षक

मग सरळ एखाद्या मान्यताप्राप्त 'डार्क स्काय' ठिकाणीच जावं ना?

---

वाटसरू

जमत असेल तर जरूर. अशा ठिकाणांना मान्यता देणाऱ्या डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेच्या यादीत जगभरात २०० हून अधिक ठिकाणं आहेत. पण तिचे प्रकार नीट वाचा. 'सँक्चुअरी' म्हणजे दूरची, खूप अंधारी जागा. 'रिझर्व्ह'मध्ये अंधारा गाभा आणि भोवती दिव्यांचे नियम पाळणारी वस्ती, उदाहरणार्थ न्यूझीलंडचं आओराकी मॅकेंझी किंवा नामिबियाचं नामिबरँड, दोन्ही २०१२ पासून. 'पार्क' म्हणजे संरक्षित क्षेत्र, जसं जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळालेलं पेंच. 'कम्युनिटी' मात्र दिवे नीट लावणारं गाव किंवा शहर. त्याची पहिली मानकरी फ्लॅगस्टाफ, २००१. ते अख्खं शहर आहे, भर चौकात उभं राहून बॉर्टल २ मिळणार नाही. 'अर्बन' प्रकारातही तेच.

आणि लडाखमधल्या हान्लेसारखी काही ठिकाणं स्थानिक प्रशासनाने राखीव म्हणून जाहीर केलीत. यादीत नाव नाही म्हणजे आकाश वाईट असं नव्हे. मान्यतेचा खरा फायदा असा की तिथले लोक दिवे बंद ठेवतात आणि रात्री थांबायची जागा ठरलेली असते.

---

दुर्बिणवाला

हान्लेचं नाव आलं म्हणून उंचीबद्दल इशारा. तिथली उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. ऑक्सिजन कमी पडला की सर्वात आधी डोळ्यातल्या दंडपेशी मंदावतात, म्हणजे नेमक्या अंधारात काम करणाऱ्या. हवाई बेटावरच्या मौना केआचं शिखर ४,२०५ मीटर, पण नुसत्या डोळ्यांनी बघायला २,८०० मीटरवरचं अभ्यागत केंद्रच बरं, असं सांगतात ते यामुळेच. फार उंचावर जाणार असाल तर चढून त्याच रात्री आकाश बघायला बसू नका. शरीर रुळू द्या, डोकं दुखत असेल तर खाली उतरा.

डोळ्यांचंच पुढे सांगतो. उजेडात काम करणाऱ्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात, तेव्हा 'झालं, दिसतंय' असं वाटतं. दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात आणि त्यानंतरही हळूहळू सुधारणा होत राहते. दिवसभर किनाऱ्यावर किंवा बर्फात उघड्या डोळ्यांनी काढला असेल तर रात्री हे सगळं उशिरा आणि अर्धवट होतं. सुट्टीत नेमकं हेच घडतं. दुपारी गडद गॉगल लावा, तोही रात्रीच्या आकाशाची तयारी आहे.

अंधुक वस्तू थेट बघू नका, थोडं बाजूला बघा. नजरेच्या मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच.

तुमची १०×५० उत्तम आहे. ५० (भिंगाचा व्यास, मिमी) ला १० (किती पट मोठं दिसतं) ने भागा, बाहेर पडणारा प्रकाशझोत ५ मिमी. चाळिशी-पन्नाशीत बाहुली साधारण तेवढीच उघडते. ७×५० चा झोत ७ मिमीचा, त्यातला काही उजेड वाया जातो. भिंगावर दव आलं तर पुसू नका, दुर्बीण जॅकेटच्या आत पाच मिनिटं ठेवा.

---

चांदणचुरा

गाडीबद्दल कोणीच बोललं नाही! डोळ्यांचा अंधाराचा सराव सगळ्यात जास्त गाडीच मोडते.

– पोहोचल्यावर गाडी तोंड बाहेर करून लावा, म्हणजे निघताना मागेपुढे करत झोत फिरवावे लागत नाहीत.
– छतातला दिवा 'दार उघडल्यावर लागणारा' असतो, तो कायमचा बंदवर करा. डिकीतला वेगळा असतो, त्यावर लाल कागदाचे तीन-चार थर चिकटपट्टीने लावा.
– रिमोटने कुलूप उघडलं-लावलं की चारही इंडिकेटर चमकतात. किल्ली कुलपात घालून उघडा.
– लागणारं सगळं सामान एकदाच बाहेर काढा. दर दहा मिनिटांनी दार उघडणारा माणूस सर्वांची रात्र बिघडवतो.

---

नवखा_निरीक्षक

लाल दिवा म्हणून सायकलचा मागचा दिवा चालेल?

---

दुर्बिणवाला

नको. तो लांबून दिसावा म्हणूनच बनवलेला, फार प्रखर. लाल रंगाने नुकसान कमी होतं, शून्य होत नाही. पायाशी धरून जेमतेम अक्षरं वाचता येतील इतका मंद हवा.

---

गणिती_गोटा

इथे मी थोडा वेगळा सूर लावतो. प्रखर लाल दिव्यापेक्षा अतिमंद पिवळसर दिवा बरा. लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेषा दिसत नाहीत, आणि दिसत नाही म्हणून माणूस दिवा वाढवत जातो. रंगापेक्षा मंदपणा महत्त्वाचा.

---

दुर्बिणवाला

मंदपणा आधी, हे मान्य. पण दोन दिवे सारखेच मंद असतील तर मी लालच उचलेन.

---

मीनाक्षी_न

आणि फोन? स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या अ‍ॅपचा रात्रीचा लाल पडदा पुरतो ना?

---

रातवा

अ‍ॅपचा पडदा लाल होतो, पण वरून उतरणारी सूचना पांढरीच येते. फोन विमान अवस्थेत टाका, आकाशनकाशा आणि रस्त्याचा नकाशा दोन्ही आधी उतरवून ठेवा. एलसीडी पडदा काळा दाखवतानाही मागून उजळलेला असतो, ओलेड तसा नसतो. दोन फोन असतील तर ओलेडवाला घ्या.

---

कृत्तिका_सहा

सगळ्यांचे मनापासून आभार! इतकं बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून केलेली आखणी मांडते, चुका काढा.

मुक्काम ४५° उत्तर अक्षांशावर, सप्टेंबरचा शेवट, पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या रात्रीपासून आठव्या रात्रीपर्यंत. चंद्र रोज ५० मिनिटं उशिरा उगवतो असं धरलं तर चौथ्या रात्री तो सूर्यास्तानंतर ३ तास २० मिनिटांनी येईल. संधिप्रकाशाचा दीड तास वजा केला तर १ तास ५० मिनिटं अंधार. मुलांसाठी तेवढा पुरे. दक्षिणेला ५० किमीवर एक माथा निवडलाय, शहर उत्तरेला राहतं, दक्षिण क्षितिज साफ. धनू राशीतला गाभा बघून परतायचं.

---

गणिती_गोटा

जागा छान निवडलीत, पण रात्र चुकली. ५० मिनिटं ही वर्षभराची सरासरी झाली. तुमच्या अक्षांशावर सप्टेंबरच्या पौर्णिमेनंतर चंद्राचा मार्ग पूर्व क्षितिजाशी फार तिरका असतो, त्यामुळे तो रोज जेमतेम २५ ते ३० मिनिटंच उशिरा उगवतो. मार्चमध्ये याच्या उलट, तासापेक्षा जास्त. हिशोब असा येतो:

चौथी रात्र: चंद्रोदय सूर्यास्तानंतर सुमारे २ तासांनी.
सहावी: ३ तासांच्या थोडं पुढे.
आठवी: पावणेपाच तासांच्या आसपास.

आणि संधिप्रकाश. सूर्य १८ अंश खाली जायला तुमच्याकडे त्या दिवसांत १ तास ४० मिनिटं लागतात. म्हणजे चौथ्या रात्री खरा अंधार २० मिनिटं, डोळे सरावेपर्यंत चंद्र वर. सहाव्या रात्री दीड तासाच्या आत, आठव्या रात्री तीन तास. सातवी-आठवी धरा, सहावी ढगांसाठी राखीव. नेमक्या वेळा स्टेलॅरियममध्ये मुक्कामाचा बिंदू टाकून बघून घ्या, डोंगरामागून चंद्र आणखी उशिरा येईल तो नफा.

---

वाटसरू

आणि गाभ्याचं. दक्षिणेचा आग्रह मीच धरला होता, म्हणून मीच दुरुस्त करतो. सप्टेंबरअखेर अंधार पडेपर्यंत गाभा मध्यमंडळ (उत्तर-दक्षिण रेषा, जिथे तो सर्वात उंच असतो) ओलांडून नैर्ऋत्येकडे कललेला असतो, साधारण ११-१२ अंशांवर, आणि तासाभरात सहावर येतो. एवढ्या खाली हवेचा थर डोक्यावरच्या पाचपट जाड. दिसेल, पण त्यासाठी जाऊ नका.

तुमच्यासाठी त्या वेळी खरा ऐवज डोक्यावर आहे. हंस तारकासमूह नेमका माथ्यावर येतो, अभिजित आणि श्रवण सोबतीला, आणि हंसापासून आकाशगंगा मधोमध चिरलेली दिसते. मुलांना आधी ती काळी चीर दाखवा, मग दुर्बीण हंसाच्या मानेवरून हळूहळू सरकवा. तासाभराने पूर्वेला महाश्वाचा चौकोन चांगला वर आला की देवयानी दीर्घिका. ती बॉर्टल ४ लाही नुसत्या डोळ्यांनी दिसते.

म्हणजे तुम्हाला दक्षिण क्षितिजापेक्षा माथा आणि पूर्व मोकळी हवी. निवडलेल्या माथ्याच्या पूर्वेला काही गाव आहे का?

---

कृत्तिका_सहा

पूर्वेला १२ किमीवर एक छोटं गाव आहे! दक्षिणेच्या नादात तिकडे पाहिलंच नव्हतं. त्याच रस्त्यावर ६ किमी अलीकडे पायवाटेचं वाहनतळ दिसतंय, पूर्वेला साधारण पाच अंशांची टेकडी आहे.

---

रातवा

मग तेच घ्या. पाच अंशांची टेकडी गावाचे दिवे थेट डोळ्यांत येऊ देत नाही आणि घुमटाचा सर्वात उजळ तळही झाकते. देवयानी त्या वेळी त्याच्या कितीतरी वर असेल. वाहनतळावर दिवा नाही ना ते छायाचित्रात बघा आणि रात्री फाटक लागतं का ते विचारा.

पोहोचल्यावर अर्ध्या तासाने ध्रुवमत्स्याच्या (ध्रुवतारा ज्यात आहे त्या तारकासमूहाच्या) चौकोनाचे चार तारे मोजा. ते ढोबळमानाने दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या प्रतीचे आहेत. चौथा, सर्वात अंधुक, सहज दिसला तर सतरंजी तिथेच टाका. उत्तरेला शहर असल्याने ही परीक्षा तुमच्यासाठी अवघड बाजूची आहे, त्यामुळे तिथे पाचवी प्रत दिसली तर माथ्यावर त्याहून बरंच काही मिळेल.

---

कृत्तिका_सहा

छायाचित्रात खांब एकही नाही. फाटकाबद्दल मुक्कामाच्या मालकांना लिहिलंय, त्यांच्याच अंगणातल्या दिव्यांच्या चार प्रश्नांसोबत. उत्तर आलं की इथेच टाकते.